टॉवर मोठ्यांचा, खर्ची लहानांची



ठाण्यात माजिवड्याहून गायमुखाकडे निघालं की बांधकामाच्या धंद्याचे सगळे आकार घोडबंदर रोडवर ओळीने भेटतात. रस्त्याच्या मधोमध मेट्रो ४ चे खांब आहेत. वडाळा ते कासारवडवली हा सुमारे ३२ किलोमीटरचा मार्ग पुढे गायमुखपर्यंत जातो. टिकुजिनी वाडीच्या बाजूने ठाणे–बोरिवली जुळा बोगदा राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात शिरणार आहे. पातलीपाड्याला हिरानंदानी इस्टेटचे मनोरे आहेत. या प्रत्येक कामावर कंपनीच्या नावाची पाटी लागते. सेंट्रिंगवाला, लादीवाला, प्लंबिंगचा ठेकेदार, त्यांच्या हाताखालचे मुकादम, गवंडी आणि बिगारी यांची पाटी कुठेच नसते.

देशाच्या एकूण मूल्यवर्धनात बांधकामाचा वाटा साधारण ८ ते ९ टक्के. रोजगारातला वाटा त्याहून मोठा आहे. २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातल्या सुमारे १२ टक्के काम करणाऱ्यांचं पोट बांधकामावर चालतं, म्हणजे कारखानदारीपेक्षाही थोडं जास्तच. हा रोजगार मोठ्या कंपनीच्या हजेरीपटावर फारसा दिसत नाही. तो उपठेकेदाराच्या वहीत असतो.

त्या वहीचं गणित समजून घेण्यासारखं आहे. मजुरांना दर आठवड्याला खर्ची द्यावीच लागते, हिशेब नंतर होतो. उपठेकेदाराचं स्वतःचं आरए बिल, म्हणजे चालू कामाचं बिल, मात्र मोजमाप, तपासणी आणि सह्या होऊन महिन्या-दोन महिन्यांनी सुटतं. त्यातूनही रिटेन्शनची, म्हणजे हमी म्हणून राखून ठेवायची, रक्कम कापली जाते. मधल्या काळात तो उधार घेतो, बायकोचे दागिने गहाण टाकतो, सिमेंटच्या दुकानदाराला थांबायला सांगतो. मोठ्या प्रकल्पाला खेळतं भांडवल पुरवणारा शेवटचा सावकार हा असा सगळ्यात लहान माणूस आहे, आणि त्याला व्याज मिळत नाही.

घरबांधणी प्रकल्पांचं नियमन करणारं महारेरा १ मे २०१७ पासून सुरू झालं. घर घेणाऱ्यांच्या पैशातला ७० टक्के हिस्सा जमीन आणि बांधकामासाठी वेगळ्या खात्यात ठेवणं बंधनकारक झालं, हे फार चांगलं झालं. पण त्या खात्यातून उपठेकेदाराच्या हाती पैसा कधी पडावा, याला असं कुंपण नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी ४५ दिवसांत चुकती करावीत, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावं, असं २००६ चा कायदा सांगतो. पण तक्रार केली तर पुढचं काम जातं, म्हणून लहान ठेकेदार गप्प बसतो.

करव्यवस्थेचाही भार आहे. २०१९ पासून घरबांधणीच्या सवलतीच्या जीएसटी दरासाठी ८० टक्के खरेदी नोंदणीकृत पुरवठादारांकडून व्हावी लागते. हिशेब स्वच्छ राहतो हे खरं, पण नोंदणी नसलेला छोटा पुरवठादार अशा कामांतून बाजूला पडतो. त्याला नोंदणीत आणण्याचं काम व्यावसायिकांच्या संघटनांनी अंगावर घ्यायला हवं.

लहानातून मोठं कसं घडतं, याचं उदाहरण महाराष्ट्रापाशीच आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची छोटी कंत्राटं घेतली. पुढे त्यांनी भोर घाटातले बोगदे खोदले आणि १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. कासारवडवलीच्या एखाद्या साइटवर आज सेंट्रिंगचं काम घेणाऱ्या पोरालाही ती वाट मोकळी असली पाहिजे. बिलं अडली की ती वाट पहिल्याच वळणावर बंद होते.

लहानपण हा मात्र आपोआप गुण ठरत नाही. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींची रेरा नोंदणी मिळवली गेली. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. आयुष्याची कमाई घालून तिथे राहायला आलेल्या कुटुंबांचं नुकसान कुठल्याच विकासदरातून वजा होत नाही. नियम पाळणारा छोटा बिल्डर आणि नियम मोडणारा छोटा बिल्डर यांना एका रांगेत उभं करणं हा पहिल्यावर अन्याय आहे.

उरला मजूर. २०२० च्या टाळेबंदीत याच परिसरातून नाशिक महामार्गाने माणसं पायी निघाली, आणि काम पुन्हा सुरू करताना मोठ्या-छोट्या सगळ्याच साइटना माणसं मिळेनात. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर आलेला १ टक्का उपकर त्यांच्याच कल्याणासाठी आहे. त्यासाठीच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज एका साइटवर, उद्या दुसऱ्या साइटवर जाणाऱ्या नाका कामगाराला तो द्यायला कुणी पुढे येत नाही.

या सभागृहातल्या विकासकांना आणि मुख्य ठेकेदारांना म्हणून दोनच विनंत्या आहेत. उपठेकेदाराचं मंजूर बिल ४५ दिवसांच्या आत चुकतं करा. आणि आपल्या साइटवर राबलेल्या प्रत्येक कामगाराच्या दाखल्यावर सही करा. त्या सहीला एक रुपयाही खर्च येत नाही.