देवाच्या परडीतले औषध आणि विष

(कलशारोहणाच्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी तहसील कचेरीतला साधा कारकून, शिक्षण एस.एस.सी.पर्यंतचे. अध्यात्मावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण मारुतीरायाच्या नव्या देवळाभोवती बाग करायचे ठरले आणि झाडांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने जे वाचले आणि जे घरात भोगले, ते आपल्यापुढे ठेवतो.

यादीतली नावे अशी : कण्हेर, बिट्टी, तगर, पांढरा चाफा, सदाफुली आणि मारुतीरायाची रुई. मंडळी, ही सारी एकाच कुळातली भावंडे आहेत. शास्त्रात या कुळाला ॲपोसायनेसी म्हणतात, मराठीत करवीर कुल. करवीर म्हणजे कण्हेर. रुईचे कुळ पूर्वी वेगळे धरीत, आता तेही यातच घेतले आहे. सोनचाफा मात्र या घरचा नव्हे.

उष्ण प्रदेशात वाढणारे हे घराणे. यांतल्या बऱ्याच झाडांचे पान मोडले की चीक येतो. झाडाला पळून जाता येत नाही. म्हणून गुरांनी, किडींनी खाऊ नये यासाठी ते आपल्या अंगात कडू आणि विषारी द्रव्ये तयार करते. तीच द्रव्ये जाणकाराने मोजून दिली तर औषध होतात.

याच घरातली सर्पगंधा पाहा. तिच्या मुळ्या आपले वैद्य पूर्वापार वापरीत आले. १९३१ साली सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी दिल्लीत तिच्यातून एक द्रव्य वेगळे केले आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला अजमलीन हे नाव दिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवर पाहून १९४९ साली विलायतेच्या वैद्यकीय नियतकालिकात छापले. तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पीन निघाले. पण त्याने काही रुग्णांचे मन खचू लागले, उदासी येऊ लागली. पुढे त्याहून बरी औषधे आली आणि आज ते क्वचितच देतात.

पांढरा कुडाही याच घरातला. त्याच्या सालीत कोनेसीन नावाचे द्रव्य असते. आमांशावर वैद्य कुटजारिष्ट देतात, ते याच सालीचे.

आता सदाफुली. ही मूळची मादागास्कर बेटावरची, पण आज आपल्या प्रत्येक अंगणात आहे. माझ्या सख्ख्या आत्याला मधुमेह होता. कोणीतरी सांगितले, रोज अनशापोटी सदाफुलीची पाने खा, गोळ्यांची गरज नाही. आत्याने गोळ्या बंद केल्या. पायाला साधा खडा लागल्याचे निमित्त झाले, जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. पाने तोडून देणारा मीच होतो. म्हणून आज हे बोलतो आहे.

गंमत अशी की, ही समजूत आपल्याकडेच होती असे नाही. वेस्ट इंडीजमधल्या जमैकातही मधुमेहावर या पानांचा काढा पीत. ते ऐकून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या शास्त्रज्ञांनी जनावरांवर प्रयोग केले. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्या शोधातून १९५८ च्या सुमारास व्हिनब्लास्टीन हाती आले आणि पाठोपाठ त्याचे भावंड व्हिनक्रिस्टीन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिनक्रिस्टीन इतर औषधांच्या जोडीने आजही देतात, आणि कितीतरी लेकरे त्याने वाचली. परंतु शेकडो किलो सुकी पाने घ्यावी तेव्हा ते ग्रॅमा-ग्रॅमाने मिळते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून दिले जाते. पाने चावून ते साधत नाही. उलट अपायाची भीती. ज्या द्रव्याने पांढऱ्या पेशी घटतात, ते आपण अंदाजाने पोटात घालायचे काय?

शेवटी कण्हेर आणि बिट्टी. कण्हेरीत ओलिअँड्रीन आणि बिट्टीत थेवेटीन ही द्रव्ये असतात. ती हृदयाच्या ठोक्यांवरच घाव घालतात. लहानपणी आपण साऱ्यांनी बिट्ट्यांचा खेळ खेळला आहे; पण तिच्यातली बी पोटात गेली तर मूल दगावू शकते. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते. असे काही घडले तर घरगुती उपाय, मंत्र-तंत्र करीत बसू नका. झाडाची फांदी किंवा फळ बरोबर घेऊन तडक सरकारी दवाखाना गाठा.

म्हणून समितीला माझी नम्र विनंती आहे. फुले देवाची आहेत, झाडे जरूर लावू. मात्र बिट्टी आणि कण्हेर बालवाडीच्या बाजूला नकोत, ती मागच्या कुंपणाला असावीत. रुईची माळ ओवून झाली की हात साबणाने धुवावेत. प्रत्येक झाडाला नावाची पाटी असावी आणि त्याखाली लिहावे, ‘देवाला वाहावे, खाऊ नये’. या पाट्या रंगवून घेण्याचा खर्च आत्याच्या नावाने मी देतो. माझी ऐपत तेवढीच आहे, समितीने गोड मानून घ्यावी.

ज्यांनी घामाचे पैसे देऊन हे देऊळ उभे केले, त्यांच्या लेकरा-बाळांना मारुतीराया उदंड आयुष्य देवो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

बोला, बजरंगबली की जय!