'गेम खेळतो' म्हणजे नक्की काय खेळतो?

आज गेमिंगवर बोलायचंय. रिव्ह्यू नाही, कुठला फोन घ्यावा तेही नाही. मी सात वर्षांचा असल्यापासून गेम खेळतोय. आता अठ्ठावीसचा आहे, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि रविवारी रात्री अजूनही खेळतो. पण २०२५ मध्ये आमच्या घरात एक प्रकार झाला, आणि तेव्हापासून 'गेम' हा शब्दच डोक्यात बसलाय. तिकडे येतोच.

आधी कणकवली, साल २००४. चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी यायचे, त्यात माझा आतेभाऊ. त्या वर्षी त्याच्या बॅगेतून टीव्ही गेम निघाला. पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं '९९९९ इन वन'. प्रत्यक्षात गेम दहा-बाराच, बाकी तेच नावं बदलून. जपानच्या निन्टेन्डोने १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं होतं, त्याची ही नक्कल. आपल्या गावांत पोचली ती बहुतेक नक्कलच. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची. बाहेर भजन चाललेलं, आत आम्ही सात-आठ पोरं आणि दोन रिमोट. आजी दर अर्ध्या तासाने दारात येऊन ओरडायची, "मेल्यांनो, बंद करा ता! टीव्हीची ट्यूब जातली!"

आजी अगदीच चूक नव्हती बरं का. जुन्या पिक्चर ट्यूबवर एकच स्थिर चित्र फार वेळ राहिलं तर त्याचा डाग पडू शकतो. अर्ध्या तासात नाही पडत, पण तिला ते कोण सांगणार!

त्यातला डक हंट आठवतो? बंदूक रोखून बदकं मारायची. मला वाटायचं बंदुकीतून काहीतरी किरण निघतो. कॉलेजात कळलं की सगळं उलटं आहे. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या तोंडाशी असतो प्रकाश ओळखणारा सेन्सर. त्याला तो पांढरा चौकोन दिसला तर बदक पडलं. म्हणजे बंदूक मारत नाही, बघते! हा सगळा खेळ जुन्या ट्यूबच्या वेळेवर बेतलेला, म्हणून आजच्या एलसीडीवर ती बंदूक चालत नाही.

आणि कॉन्ट्रा. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तीन जीवांचे तीस जीव. हा कोड कुठून आला माहितीये? कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे प्रोग्रॅमर होते. १९८६ मध्ये ते ग्रॅडियस नावाच्या गेमवर काम करत होते. गेम इतका अवघड की टेस्ट करताना त्यांना स्वतःलाच पुढे जाता येईना. म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी हा कोड घातला आणि तो गेममध्ये तसाच राहिला. टेस्टिंगचा कोड थेट प्रॉडक्शनमध्ये! आज माझ्या हातून असं झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग लागेल. त्यांचा कोड मात्र जगभरच्या पोरांना पाठ झाला.

पुढे स्टेशन रोडच्या बाजूला सायबर कॅफे, तासाला वीस रुपये, जीटीए व्हाइस सिटी. मिशन कोणीच खेळायचं नाही, पॅन्झर टाईप करून रणगाडा मागवायचा आणि शहरभर फिरायचं. मग बीटेकला लोणेरे. हॉस्टेलच्या लॅनवर काउंटर स्ट्राइक, पहाटे तीनला शेजारच्या खोलीतून शिव्या. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं थोड्याफार फरकाने हेच असेल, त्यामुळे पुढे जातो.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, २०१८ मध्ये मोबाइलवर पब्जी आलं. शाळेतले आम्ही चौघे तोवर पांगलो होतो. एक कणकवलीतच मेडिकल चालवतो, एक दुबईला, एक पुण्यात, आणि मी. रात्री साडेदहाला लॉबीत भेटायचं. बाहेरच्याला वाटेल हे गोळ्या झाडतायत. प्रत्यक्षात दुबईवाल्याची नोकरी गेली हे त्याने घरच्यांच्या आधी आम्हाला सांगितलं, तेही बॅग लुटता लुटता. "हेल्मेट आहे का कोणाकडे? आणि हो, मला काढलं रे." असं. समोरासमोर बसून त्याला ते बोलता आलं नसतं. नजर दुसरीकडे असली की माणूस बोलतो.

२ सप्टेंबर २०२० ला पब्जीवर बंदी आली. आम्ही ठरवलं, दर रविवारी ग्रुप कॉल करायचा. दोन आठवडे केला. नंतर बंद. फोनला काहीतरी कारण लागतं, खेळायला लागत नाही. जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय म्हणून परत आला आणि त्याच रात्री चौघेही हजर. मधेच तोही काढला गेला, २०२३ मध्ये पुन्हा आला. असो.

आता घरातलं. माझा चुलतभाऊ, बावीस वर्षांचा. नाव सांगत नाही. २०२५ च्या काजूच्या हंगामात विक्रीचे पैसे त्याच्या खात्यावर येत होते, आणि तेव्हाच आयपीएल चालू. जूनमध्ये काकांनी खतासाठी पैसे मागितले तर खात्यात जेमतेम दोन हजार. काकांनी मला फोन केला. "तूच बोल तेच्याशी. तूय खेळत होतंस मरे. तुझा ऐकतलो तो."

हे वाक्य मला लागलं. काकांच्या हिशेबात कॉन्ट्रा, पब्जी आणि ते पैसे लावायचं ॲप, सगळं एकच: गेम.

मी घरी गेलो. त्याला बोललो नाही, ओरडलो नाही. त्याचं यूपीआयचं स्टेटमेंट लॅपटॉपवर उघडलं आणि दोघांनी मिळून बेरीज केली. ४९, ९९, ४९, १९९. मोठी रक्कम एकही नाही. एकूण अडतीस हजारांच्या वर. त्याचा अंदाज होता सात-आठ हजार. तो बराच वेळ काही बोललाच नाही.

मग त्याला साधं गणित घातलं. समजा शंभर जणांनी पन्नास-पन्नास लावले. पाच हजार जमले. त्यातून ॲपवाला आपला वाटा काढणार, उरलेलंच बक्षीस म्हणून वाटणार. म्हणजे शंभर जणांना मिळून दिले त्यापेक्षा कमीच परत मिळणार, कितीही अभ्यास करून टीम लावा. एखादा जिंकतो, आणि त्याचाच स्क्रीनशॉट फिरतो. मारिओ खड्ड्यात पडला की पुढच्या वेळी खड्डा कुठे आहे हे कळतं. इथे खड्डा रोज जागा बदलतो आणि वर तुमच्याकडून तिकीट घेतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, ई-स्पोर्ट्सला मान्यता. मला हा फरक केलेला आवडला. मात्र ज्याला सवय लागलीय त्याच्यासाठी नुसता कायदा पुरत नाही. फोनवर अनोळखी लिंक येतच राहतात.

काकांनी कायद्याच्या आधीच स्वतःचा कायदा केला: स्मार्टफोन जप्त, पोराच्या हातात बटणांचा फोन. यावर माझं आणि काकांचं जमलेलं नाही. मोठ्या माणसाशी वाद घालायचा म्हणजे आवाज खाली ठेवून घालावा लागतो, तसा घातला. म्हटलं, पैशांचं खातं तुमच्या हातात ठेवा, पण पोराच्या हातून सगळेच खेळ काढू नका.

म्हणून लॅपटॉपवर त्याला 'राजी' दाखवला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० मध्ये आलेला. राजी नावाची मुलगी आपल्या भावाला, गोलूला शोधत निघते. मधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलीय. ते बघून काका मागून म्हणाले, "ह्या तर पिंगुळीचा!" बरोबरच. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यानपिढ्या करतायत. तिथल्या परशुराम गंगावणेंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. काकांनी लहानपणी तो खेळ देवळात बघितलेला. गेममधल्या बाहुल्या काही पिंगुळीच्या नव्हेत, पण काकांना ते सांगायची हिंमत मी केली नाही. ते उभ्याउभ्या वीस मिनिटं बघत होते.

फोन अजून परत दिलेला नाही हां. भाऊ आता सकाळी बागेत जातो, आणि महिन्याला तीन हजार काकांच्या हातात ठेवतो. काजूचे पैसे फिटायला अजून सहा-सात महिने आहेत. रविवारच्या स्क्वॉडमध्ये जागा मागतोय, आम्ही आधीच चौघे आहोत. मेडिकलवाल्याला दुकान बंद करायला उशीर झाला की याला बसवतो, माझ्या जुन्या फोनवर. पिंग दोनशेच्या वर जातो, मरतो लगेच, मग बडबड करत बसतो.

तुमच्या घरात कोणाची अशी बेरीज करायची राहिली असेल तर मला मेसेज टाका. मी शीट बनवलीय, ती पाठवतो. चला, भेटू पुढच्या भागात.