दहा जणांत एक जण ‘कमी’ असलाच पाहिजे का?

मी बोलतोय नाशिकमधून, द्वारका सर्कलपासून हाकेच्या अंतरावरून. मागे हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या, खिडकी बंद केली तरी मुंबई-आग्रा हायवे काही बंद होत नाही.

आजचा विषय अप्रेझल. तुम्ही हिंजवडीत असा, घरून काम करत असा, नाहीतर सातपूर-अंबडच्या कारखान्यात. वर्षातून एकदा कोणीतरी तुमच्या बारा महिन्यांना एक आकडा देतं. तीन, चार, किंवा ‘अपेक्षेप्रमाणे’. त्या आकड्यावर हाइक ठरते, प्रमोशन ठरतं, आणि काही ठिकाणी नोकरी राहते की जाते तेही ठरतं. घराचा हप्ता, बहिणीचं शिक्षण, सगळं त्या आकड्याला लटकलेलं. मग तो आकडा येतो कुठून, हे आपल्याला माहीत नको?

सुरुवात बेल कर्व्हपासून करू. कल्पना सोपी आहे. टीममधले थोडे उत्तम, बरेचसे मधले, थोडे कमी. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांनी हे गाजवलं. वरचे २० टक्के, मधले ७० टक्के, खालचे १० टक्के. खालच्यांनी सुधारावं, नाहीतर जावं. ते १९८१ ते २००१ प्रमुख होते, आणि त्या काळात जगभरच्या कंपन्यांनी त्यांची नक्कल केली.

कंपन्यांची बाजूही ऐकू. मॅनेजरला मोकळं सोडलं तर तो सगळ्यांनाच ‘उत्तम’ देतो. वाईटपणा कोण घेणार? आणि हाइकचं बजेट तर ठरलेलं असतं. म्हणून वरून कोटा येतो.

पण आता गणित करून बघू. समजा एका मोठ्या कंपनीत खरोखरच १० टक्के लोक कमी पडतात. त्या कंपनीत दहा-दहा जणांच्या टीम आहेत, आणि लोक कसेही विखुरलेले आहेत. तर प्रत्येक टीममध्ये बरोबर एकच ‘कमी’ माणूस असेल का? नाही. शंभर टीम घेतल्या तर साधारण ३५ टीममध्ये असा एकही माणूस नसेल. साधारण ३९ टीममध्ये बरोबर एक असेल. उरलेल्या २६ टीममध्ये दोन किंवा जास्त असतील. म्हणजे ‘प्रत्येक टीममधून एक द्या’ हा नियम शंभरातल्या फक्त ३९ टीमला लागू पडतो. ३५ मॅनेजरना नसलेला माणूस शोधून काढावा लागतो. आणि तो शोधला कसा जातो? नवीन आलेला, रजेवर गेलेला, मीटिंगमध्ये न बोलणारा, किंवा ज्याचा प्रोजेक्ट मध्येच बंद पडला तो. गणित चुकीचं नाही, गणित चुकीच्या जागी लावलंय. मोठ्या आकड्यांचा नियम छोट्या टीमवर लादला की असंच होणार.

दुसरा परिणाम आणखी वाईट. शेजारी बसणारा सहकारी तुमचा स्पर्धक होतो. त्याला मदत केली तर त्याचं रेटिंग वर, तुमचं खाली. मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षं अशी क्रमवारी चालायची. शेवटी नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने ती बंद केली.

गंमत बघा. ज्या जनरल इलेक्ट्रिकमधून हे सगळं पसरलं, त्याच कंपनीत अप्रेझलवर अभ्यास झाला होता. तो १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष काय? जास्त टीका केली की माणूस सुधारत नाही, तो बचाव करत बसतो. आणि पगाराची चर्चा आणि सुधारणेची चर्चा एकाच बैठकीत करू नये. आपला अनुभवही हाच आहे ना? हाइक किती टक्के हे कळेपर्यंत मॅनेजर ‘कम्युनिकेशन वाढव’ वगैरे जे बोलतो, त्यातलं काही डोक्यात शिरतं का?

हे सगळं अमेरिकेचं झालं. आपल्याकडे काय? तर मुंबईची लार्सन अँड टुब्रो. १९७४-७५ मध्ये त्यांनी अहमदाबादच्या आयआयएममधल्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोन प्राध्यापकांना बोलावलं आणि आमची अप्रेझल पद्धत तपासा म्हणून सांगितलं. त्यांनी नुसता फॉर्म बदलून दिला नाही. ते म्हणाले, इथे वेगवेगळी कामं एकाच कागदात कोंबली आहेत. ती सुटी करा. झालेल्या कामाचं मूल्यमापन वेगळं, पुढच्या जबाबदारीची क्षमता वेगळी, माणसाशी बसून बोलणं वेगळं, प्रशिक्षण वेगळं. आज प्रत्येक कंपनीत जो ‘एचआरडी’ शब्द ऐकतो, त्याची भारतातली सुरुवात म्हणून याच कामाकडे बोट दाखवतात. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी पवईच्या कंपनीला जे सांगितलं गेलं, ते आज कितीतरी चकाचक ऑफिसांत पोचलेलं नाही.

आता सरकारी नोकरी. तिथे ‘गोपनीय अहवाल’ असायचा. साहेब लिहिणार, तुम्हाला दिसणार नाही. देव दत्त नावाचे एक कार्यकारी अभियंता सीमा रस्ते विभागात होते. प्रमोशनसाठी पाच वर्षं ‘फार चांगला’ शेरा हवा होता. एका वर्षी त्यांना ‘चांगला’ मिळाला आणि प्रमोशन हुकलं. ‘चांगला’ म्हणजे काही वाईट नाही, म्हणून तो कळवायची गरज नाही, असं खात्याचं म्हणणं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे २००८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे आणि त्याला म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. पण तोवर ते निवृत्त झाले होते. एका शब्दाची किंमत बघा. हा निकाल सरकारी सेवेसाठी आहे, खासगी कंपनीला तसा लागू नाही. पण तत्त्व साधं आहे: ज्या शेऱ्यावर माझं भविष्य ठरतं, तो मला दिसला पाहिजे.

अजून एक गोष्ट राहते. संध्याकाळी सात वाजता द्वारका सर्कलला अडकलेल्या रिक्षावाल्याला तुम्ही ‘वेग कमी’ म्हणून दोन रेटिंग द्याल का? पुणे रोडची गर्दी आणि हायवेची गर्दी तिथे एकमेकांत घुसते, त्यात त्याचा काय दोष? ऑफिसातही असे द्वारका सर्कल असतात. टेस्टिंग सर्व्हर आठवडाभर बंद, क्लायंटने तीनदा मागणी बदलली, आणि शेवटी उशीर कोणाच्या नावावर? कोड लिहिणाऱ्याच्या. माणसाला नंबर द्यायच्या आधी रस्ता बघायला हवा.

मग आपण काय करायचं? पद्धत बदलणं आपल्या हातात नाही, पण चार गोष्टी आहेत.

एक, दर शुक्रवारी तीन ओळी लिहा. काय केलं, त्याचा कोणाला उपयोग झाला, काय अडलं. मॅनेजरला मागचे दोन महिने आठवतात, उरलेले दहा तुम्हीच सांभाळायचे. ‘काय अडलं’ ही ओळ सोडू नका, ती तुमचा द्वारका सर्कल आहे.

दोन, वर्षाच्या मध्यावर स्वतःहून वेळ मागा आणि पगाराचा विषय काढू नका. एवढंच विचारा: माझ्या पुढच्या लेव्हलचा माणूस हेच काम कसं करेल?

तीन, रेटिंग पटलं नाही तर भांडू नका, उदाहरण मागा. कोणतं उद्दिष्ट, कोणती घटना, कधीची? चर्चा झाली की मुद्दे मेलवर पाठवा. पीआयपी हातात आला तर हे आणखी महत्त्वाचं. त्यात मोजता येणारं ध्येय आणि तारीख आहे का ते पाहा. ‘अॅटिट्यूड सुधारा’ हे ध्येय नाही, मोजणार कसं?

चार, तुमच्या हाताखाली कोणी असेल, एक इंटर्न का असेना, तर चूक त्याच आठवड्यात सांगा. कामाबद्दल बोला, माणसाबद्दल नाही. ‘तू निष्काळजी आहेस’ यातून तो काही शिकणार नाही. ‘या फंक्शनमध्ये रिकामी यादी आली तर काय होईल?’ यातून शिकेल. मार्चमध्ये ऐकून धक्का बसावा असं त्याच्यासाठी काही शिल्लक ठेवू नका.

तुमच्या ऑफिसात कोटा आहे का, शेरा दाखवतात का, आणि शेवटचं उपयोगी फीडबॅक कोणाकडून मिळालं, ते मला लिहून किंवा व्हॉइस नोट करून पाठवा. कंपनीचं नाव नको, किस्सा पुरे. निवडक किस्से पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत काळजी घ्या, आणि आज शुक्रवार असेल तर त्या तीन ओळी लिहूनच लॅपटॉप बंद करा.