उकिरडा ते आळे



स्मृतिव्याख्यानाला मराठीचा निवृत्त प्राध्यापक बोलावला की तो संतवाङ्मयावर अथवा नवकथेवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. मी आज ओल्या केरावर बोलणार आहे. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे ते गुरुजी शाळेचे आवार मुलांबरोबर स्वतः झाडीत असत. त्यांना तरी हा विषय परका वाटला नसता.

भाषेच्या माणसाने शब्दापासून आरंभ करावा. 'उकिरडा' हा शब्द फार जुना. जैनांच्या प्राकृत ग्रंथांत तो 'उक्कुरुडिया' या रूपात भेटतो. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपण म्हणतो. आता आपल्या घरातील शब्द आठवून पाहा : देठे, साली, खरकटे, कोंडा, तूस, पातेरा, सोडण, चुडते, राख. यांतील प्रत्येकाचे जाण्याचे ठिकाण ठरलेले होते. कोंडा गोठ्यात, चुडते कुंपणाला नाहीतर चुलीत, सोडणे माडाच्या आळ्यात, न्हाणीचे पाणी केळींना. आज या साऱ्यांना 'कचरा' हे एकच नाव मिळाले आहे, आणि नाव एक होताच त्यांचे ठिकाणही एकच झाले : प्लॅस्टिकची पिशवी. शब्दसंपत्तीचा ऱ्हास म्हणजे काय, हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले; त्याचे इतके उग्र वासाचे उदाहरण मात्र मला कोणत्याही ग्रंथात आढळले नाही.

हरमल हे आता पाहुण्यांचे गाव झाले आहे. उपाहारगृहे आणि भाड्याच्या खोल्या यांचा केर परसात जिरणारा नव्हे, हे मला मान्य आहे. साळगावला २०१६ साली सुरू झालेल्या प्रकल्पासारखी मोठी व्यवस्था किनाऱ्यावरच्या गावांना लागणारच. परंतु ज्या घरामागे चार माड उभे आहेत, त्या घरची केळ्याची साल गाडीत बसवून दुसऱ्या तालुक्यात कशासाठी धाडावी?

या बाबतीत आपला वारसा लहान नाही. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने इंदूर येथे पालापाचोळा व शेण यांपासून खत करण्याची पद्धत सिद्ध केली, हे पुष्कळांना ठाऊक असते. मात्र १९३१ साली निघालेल्या त्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या नावाखाली यशवंत वाड हे मराठी नावही छापलेले आहे, हे क्वचितच कुणी सांगतो. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाकीची 'नाडेप' पद्धत दिली. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी घरच्या केरापासून सुपीक माती घडविण्याचे प्रयोग सामान्य माणसांच्या हाती दिले. आणि आपल्या शेजारी, कणकवलीच्या गोपुरीत, अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचेही खत करून दाखविले.

अप्पासाहेबांपाशी थोडे थांबले पाहिजे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले आणि ते नाकारले गेले. या प्रश्नावर त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग पत्करला, तेव्हा येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही सहानुभूतीने उपवास धरला. घाण कुणी उचलायची, हा आपल्याकडे जातीचा प्रश्न होता. तो संपला आहे असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. आपण बांधून ठेवलेली, नासलेल्या माशांची आणि भाताची पिशवी कुणाच्या तरी उघड्या हातांनी फोडली जाते. ते हात बहुधा आपल्या घरातले नसतात. माझ्या मते या विषयाचा गाभा येथे आहे. खत हा त्यातला दुय्यम लाभ.

आता प्रत्यक्ष कृती. माझ्या परसात मी बुंध्यापासून चार-पाच फुटांवर, माडाच्या आळ्यातच, फूट-सव्वा फूट खोल खड्डा घेतो. तळाला पातेरा, त्यावर विळीने बारीक केलेला ओला केर, पुन्हा पातेरा, आणि वर किमान अर्धा फूट माती. दुसऱ्या दिवशी खड्डा एक पाऊल पुढे सरकतो. आळ्याची प्रदक्षिणा पुरी होईतो पहिल्या जागी गांडुळे आलेली असतात. सोडणे पुरायची तर त्यांची वाटी वर ठेवावी, म्हणजे ती पाणी धरतात. पातेरा हवाच, मात्र नुसताच कोरडा पाला मातीत मिसळला, तर तो कुजविणारे सूक्ष्म जीव लागणारे नत्र मातीतूनच उचलतात आणि शेजारची भाजी पिवळी पडते. कर्ब तीस भाग आणि नत्र एक भाग, असे प्रमाण शास्त्रज्ञ सांगतात; घरात ते तराजूने मोजायचे नसते, डोळ्याने ओळखायचे असते. मासळीची डोकी नि आतडी अधिक खोल पुरून वर चिरा ठेवावा. कुत्र्यांना वाचता येत नाही, पण वास येतो.

आपली जमीन किनाऱ्याशी वाळूची, वर जांभ्याची. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. वाळूतले आणि जांभ्यातले सत्त्व तो धुऊन नेतो. कुजलेल्या पाल्याचा काळा अंश तेवढा ते थोडेफार धरून ठेवतो. त्यामुळे पातेरा जाळणे हा मला उधळेपणा वाटतो. मात्र पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरला की हवा कोंडते. मग केर कुजत नाही, सडतो. मराठीने हे दोन शब्द उगाच वेगळे ठेवलेले नाहीत. म्हणून जून ते सप्टेंबर खड्ड्याऐवजी उंचवट्यावर, पातेऱ्याने झाकलेला ढीग करावा. आणि विहिरीजवळ काहीही पुरू नये; वाळूतून पाणी फार लवकर झिरपते.

शाळेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. इमारतीमागची माडांची पट्टी फरशीखाली घालू नये. प्रत्येक वर्गाला एकेक आळे नेमून द्यावे, आणि मधल्या सुट्टीतल्या डब्यांतले जे उरते ते मुलांनी, सर्व मुलांनी पाळीपाळीने, तेथे पुरावे. आरंभ दिवाळीनंतर करावा; तेव्हा मातीत ओल असते आणि खड्ड्यात पाणी साचत नाही. कुदळी मी देईन.