कळलावी : एक गोष्ट जिवाची, एक हिशेबाची



पावसाळ्यात कुंपणावर, नाल्याच्या काठावर एक वेल चढते. पानाच्या टोकाला मुरड, फूल खाली पिवळं, वर लाल, जाळासारखं. आपण तिला कळलावी म्हणतो, कुठे खड्यानाग. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून तिच्या कंदाचा लेप लावत, त्यावरून हे नाव. या वेलीबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक जिवाची, दुसरी हिशेबाची.

जिवाची आधी. रात्रीतून पायाचा अंगठा सुजतो, लाल होतो, पांघरुणाचा भारही सोसवत नाही. हा गाऊट, आयुर्वेदातलं वातरक्त याच्याशी जुळतं. रक्तात युरिक ॲसिड वाढलं की त्याचे सुईसारखे कण सांध्यात बसतात. पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि सांध्यात आग होते. कोल्चिसिन हे औषध या पेशींची धाव रोखतं, म्हणून सूज उतरते. युरिक ॲसिड मात्र त्याने कमी होत नाही. त्याला ॲलोप्युरिनॉलसारखं दुसरं औषध लागतं.

कोल्चिसिन मिळालं ते युरोपातल्या कोल्चिकम नावाच्या कंदात. १८२० मध्ये फ्रान्सच्या पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी ते वेगळं काढलं. त्याच वर्षी याच दोघांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन काढलं. हेच कोल्चिसिन आपल्या कळलावीच्या कंदात आहे, बियांत त्याहून जास्त आहे.

मग कुणी म्हणेल, गोळी कशाला, कंदच उगाळून घेऊ. असं चुकूनही करू नका. गोळीत अर्धा मिलिग्रॅम असतं, मोजलेलं. कंदात किती, हे डोळ्यांनी कळत नाही. उकळल्याने विष जात नाही. आधी उलट्या-जुलाब, मग दोन-तीन दिवसांत एकेक अवयव निकामी होतो. त्यावर हमखास उतारा नाही. रताळं समजून हा कंद खाल्लेले लोक दगावले आहेत. जुन्या वैद्यांनीही तिला लांगली म्हणून उपविषांत घातलं आणि शोधन केल्याशिवाय वापरलं नाही. पोटात गेलीच तर त्रासाची वाट न पाहता दवाखाना गाठा. गोळीसुद्धा डॉक्टरला विचारून घ्या. मूत्रपिंड अधू असेल तर तीही बाधते.

आता हिशेब. तामिळनाडूत करूर, दिंडिगल, तिरुपूर भागात शेतकरी कळलावीची लागवड करतात. वेलीला आधार द्यायचा, फुलांचं परागीकरण हाताने करायचं, बी वाळवून विकायचं. घेणारे कोण? औषध कंपन्या आणि त्यांचे दलाल. ज्वारी विकली गेली नाही तर घरात खाता येते, कडबा जनावरांना घालता येतो. हे बी विकलं गेलं नाही तर कोंबड्यांनाही टाकता येत नाही.

आणि गोळीचं काय झालं? अमेरिकेत ती पिढ्यान्‌पिढ्या विकली जात होती, सुमारे ९ सेंटला एक. २००९ मध्ये तिथल्या सरकारने एका कंपनीला चाचण्यांच्या बदल्यात काही वर्षांचा एकाधिकार दिला. गोळी जवळपास ५ डॉलरला गेली. पन्नास पटींहून जास्त! औषध तेच, कणभरही बदललं नव्हतं. एकाधिकार म्हणजे काय, हे कापूस पिकवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

वेल आपली, ज्ञान पूर्वजांचं, अशा भाषणांनी कुणाची उधारी फिटत नाही. पैसा मिळतो तो मोजणाऱ्याला आणि ज्याच्या हाती परवाना आहे त्याला. म्हणून उद्या कुणी कळलावीचं बेणं घेऊन गावात आला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. बी कोण घेणार? भाव लेखी देणार का? कोल्चिसिनचा टक्का कोण तपासणार आणि टक्क्याप्रमाणे पैसे मिळणार का? उत्तरं कागदावर मिळत नाहीत तोवर कपाशीच्या ओळीतली एक काकरीही तिला देऊ नका.