काठी टाकणारी यशोदा



वाचक मायबापहो, बारशाला आपण मुलाचं नाव ठेवतो. आत्या येते, पाळणा सजतो, कानात हळूच नाव सांगतात. नाव ठेवतो एकच. पण ते मूल चालायला लागलं, बोलायला लागलं की मग आपण नाव ठेवत नाही, नावं ठेवतो! हट्टी आहे, रडका आहे, आळशी आहे, खोटारडा आहे. दिवसाकाठी किती होतात, मोजा बरं. आणि ही नावं ठेवण्याआधी आपण त्या मुलाकडे किती वेळ पाहिलं, तेही मोजा.

भागवताच्या दशम स्कंधात, नवव्या अध्यायात कथा आहे. यशोदामाई ताक घुसळते आहे. बाळकृष्ण आला, त्यानं रवी धरली. भूक लागली होती. माईनं मांडीवर घेतलं, पाजायला लागली. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू चाललं. माईनं अर्धपोटी पोराला खाली ठेवलं आणि धावली दुधाकडे. इकडे बाळाचे ओठ थरथरले, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं उचलला दगड, फोडलं दह्याचं मडकं!

आता सांगा, मडकं कुणी फोडलं? तुम्ही म्हणाल, कृष्णानं. बरोबर आहे. पण मडकं फुटलं कशानं? अर्ध्यावर राहिलेल्या भुकेनं. आपण परत येतो तेव्हा आपल्याला खापरं दिसतात, भूक दिसत नाही. खापरं पाहून आपण म्हणतो, पोरगं द्वाड आहे. आईबापाच्या हातून चूक होते ती इथेच, बरं का.

यशोदाही काठी घेऊन धावली. पण धरल्यावर तिनं पोराच्या तोंडाकडे पाहिलं. भ्यालेलं मूल, काजळ चोळत रडणारं. भागवत सांगतं, मूल भ्यालं आहे हे ओळखून तिनं काठी टाकली. यात ‘ओळखून’ हा शब्द मोलाचा. आधी ओळख पटली, मग काठी सुटली. नंतर तिनं त्याला उखळाला बांधलं, म्हणजे शिस्त सोडली नाही. बांधतानासुद्धा दोर दोन बोटं कमी पडला. जोड दिली, पुन्हा दोन बोटं कमी. मायबापहो, आपण ठेवलेल्या नावांचंही तसंच. किती ताणली तरी त्यांत मूल मावत नाही, दोन बोटं कमीच पडतात.

गोकुळ लांब वाटत असेल, तर आपल्या डहाणूत या. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या. त्यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण गरिबाघरची मुलं येईनात. ‘यांना शिक्षणाची आवडच नाही,’ असं वाक्य शिकलेल्या माणसाच्या तोंडी पटकन येतं. या दोघींनी नाव ठेवलं नाही, जाऊन पाहिलं. मुलं येत नाहीत? मग बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची. त्यातून अंगणवाडी उभी राहिली. आज देशभर गावोगाव जो शब्द आहे, तो आपल्या या मातीतला आहे.

१९५७ साली केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेलं, वारल्यांच्या पाड्यांजवळ. तिथे दिसलं, पोरगा गुरांमागे आहे. मग गुरं चरतात तिथे शाळा गेली, तिचं नाव कुरणशाळा. पोरीच्या कडेवर धाकटं भावंड आहे. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, ती विकासवाडी. धाकटं पाळणाघरात, मोठी वर्गात! पोरगी आळशी नव्हती हो, तिचे हात गुंतलेले होते.

आता आजचं बोलू. डहाणू-तलासरीच्या पाड्यावर एखादं मूल माती खातं. आपण म्हणतो, घाणेरडी सवय, आणि देतो धपाटा. अहो, पुष्कळदा अंगात रक्त कमी असलं, लोह कमी असलं की मूल मातीकडे वळतं. त्याला अंगणवाडीच्या ताईकडे न्या, आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. धपाट्यानं रक्त वाढत नाही.

दुसरं मूल घरी चुरूचुरू बोलतं, शाळेत मुकं बसतं. गुरुजी म्हणतात, मठ्ठ आहे. घरात वारली बोली आणि पुस्तकात वेगळी मराठी, तर ते आधी कान लावून बसणारच. तिसरं मूल दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलं, पावसाच्या तोंडावर परतलं, आणि आता आईचा पदर सोडत नाही. त्याला चिकट म्हणू नका. त्याच्या पायाखालची जागा दर सहा महिन्यांनी बदलते, पदर तेवढा बदलत नाही.

लाड करा, असं मी सांगत नाही. यशोदेनं बांधलंच होतं. मूल चुकलं तर आवरा, नाही म्हणा, वस्तू काढून घ्या. पण त्याआधी तीन गोष्टी पाहा: पोट भरलं आहे का, अंग दुखतं आहे का, मन भ्यालं आहे का. तिन्ही पाहून झाल्यावर हातात काठी उरली, तर मला सांगा.

देवानं बाळलीला केली ती आपल्या करमणुकीसाठी नव्हे. घरोघरी मडकी फुटतात, आणि प्रत्येक मडक्यामागे एक अर्धी राहिलेली भूक असते. ती ओळखता यावी एवढं मागणं विठोबापाशी मागू या.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!