शिकारीनंतरची रात्र



शिकारकथा आपण पुष्कळ वाचल्या आहेत. वाघ पडला की कथा संपते. मला बोलायचे आहे ते त्यापुढच्या रात्रीविषयी.

माझे आजोबा होळकर संस्थानच्या जंगलखात्यात कारकून होते. ते म्हणत, वाघ मारतो बंदूकवाला, राखतो तो सोलणारा. निमाडच्या उन्हाळ्यात जनावर काही तासांतच फुगते आणि केस मुळातून सुटू लागतात. एकदा केस सुटले, की कोणत्याही कारागिराने हात टेकावेत. म्हणून आधी सावली गाठायची. नाकापाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकून लांबी घ्यायची. (पुढे दिवाणखान्यात ती वाढे, हे निराळे.) मग हनुवटीपासून शेपटीपर्यंत पोटावरून सरळ चीर, पायांना आतल्या बाजूने. खरी कसोटी तोंडापाशी. पापणीला सुरीचा धक्का लागता कामा नये. ओठ आतून उकलायचे, कान मोज्यासारखे उलटायचे, पंजाच्या गादीतले मांस काढायचे. चरबी खरवडून आतून मीठ-तुरटी चोळायची आणि कातडे सावलीतच वाळवायचे. उन्हात ते करपते. शिवाय पहारा हवा. मिशा, चरबी आणि खांद्याजवळची ‘भाग्याची हाडे’ रात्रीतून नाहीशी होत.

संस्थानिकांची अशी कितीतरी कातडी म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्याकडे जात. १९०० च्या सुमारास निघालेला तो कारखाना १९९९ मध्ये बंद झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच संपवली होती, आणि ते योग्यच झाले. आज मुंबईत डॉ. संतोष गायकवाड हीच विद्या मृत्यू पावलेल्या प्राण्यांसाठी वापरतात.

पक्ष्यांची रीत मला अधिक प्रामाणिक वाटते. लहानपणी मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन सालिम अली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पक्षी सोलून भरण्याची कला तेथेच शिकले. त्या पक्ष्यांच्या पायाला चिठ्ठी असते: ठिकाण, तारीख, नर की मादी, कोणी मिळवला. चिठ्ठी हरवली, की पक्षी अभ्यासाला मुका होतो.

वाघाच्या मुंडक्याखालच्या पितळी पाटीवर मात्र नाव असते ते नेम धरणाऱ्याचे. आजोबांच्या वहीत एका मुक्कामाची नोंद आहे: ‘कातडे काढणारास बक्षीस, आठ आणे.’ नाव त्यांनीही लिहिलेले नाही. ती वही आज मी ग्रंथपालांच्या स्वाधीन करीत आहे.